त्रिंबकराव आधी मेले

“मेलेत ते, भाऊजी! आषाढातच मेलेत! मेलेला माणूस बोहल्यावर कसा चढेल?”

स्वयंपाकघराच्या दाराआडून हा आवाज आला आणि आमच्या काचीगुड्याच्या घरात जे जे म्हणून हलत होतं ते थांबलं. आईच्या अडकित्त्यातली सुपारी अर्धी कातरून थांबली. भांडी घासायची सोडून पायरीवर बसलेली यादम्मा जांभई देत होती, तिचा जबडा उघडाच राहिला. पलीकडे स्टेशनात शिरणारी गाडीसुद्धा क्षणभर घुटमळली असं मी आजवर सांगत आलो आहे, आणि ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी त्या गाडीच्या ड्रायव्हरला शोधून विचारावं. कारण ओरडणारी होती आमची नवी वहिनी, आणि वहिनीला आवाज आहे ही गोष्टच त्या दिवशी पहिल्यांदा उजेडात आली. माझा थोरला भाऊ बीदरला कचेरीत नोकरीला होता. तिथं नीट घर मिळेपर्यंत त्यानं पुण्याहून करून आणलेली बायको आमच्याकडे ठेवली होती. ती आल्यापासून ‘हो’साठी मान खाली आणि ‘नाही’साठी मान आणखी खाली एवढंच करी. यादम्माची तर खात्री झाली होती की पुण्याच्या लोकांनी आम्हाला मुकी मुलगी देऊन गंडवलं. “अच्छी है, लेकिन गूँगी है,” असं ती भाजीवालीपासून टांगेवाल्यापर्यंत सगळ्यांना हळहळून सांगे. ‘भाऊजी’ म्हणजे मी. वय वर्षं नऊ, गुडघे कायम सोललेले, चड्डीला एक बटण. पण पुण्याच्या रीतीनं धाकट्या दिरालाही अहोजाहो, त्यामुळे माझ्यावर ओरडतानासुद्धा तिनं माझा मान राखला होता.

हे त्रिंबकराव कोण, ते मेले कसे आणि मरून बोहल्यावर कशाला चढत होते हे सांगायचं तर थोडं मागं जायला हवं. मागं जाणं हा तर या प्रकरणाचा विषयच आहे.

आमच्या घरात कुठलं अक्षर कशासाठी याचे नियम फार कडक होते. बाबा वकील. तेव्हा निझाम सरकारच्या राज्यात कोर्ट चाले उर्दूत, शाळा भरे उर्दूत, वर्तमानपत्र येई उर्दूत. बाबा रागावतसुद्धा उर्दूतच, कारण मराठीत राग नीट बसत नाही असं त्यांचं म्हणणं. फारसी होती ती पाहुण्यांवर छाप पाडण्यापुरती. मोडी गावाकडच्या जुन्या कागदांत होती, आणि ती आता फक्त उंदीर वाचत. इंग्रजी औषधाच्या बाटलीवर. राहिली बाळबोध, म्हणजे आपली छापील देवनागरी. ती फक्त देवासाठी. बाळबोधीत छापलेलं म्हणजे पोथी आणि पोथी म्हणजे हातपाय धुऊन हात लावायची वस्तू. आता पोथीची पानं असतात सुटी, ती खालून वर उलटायची. आणि दोऱ्यानं शिवलेलं पुस्तक म्हणजे उर्दू, ते उजवीकडून उघडायचं. मराठीही आहे आणि शिवलेलंही आहे असा प्राणी आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलाच नव्हता. तो आला वहिनीच्या ट्रंकेतून.

दर चातुर्मासात आमच्याकडे एक पुराणिकबुवा दुपारी पुराण सांगायला येत. त्या वर्षी ते लेकीच्या बाळंतपणासाठी नांदेडला गेले आणि आत्यावर आकाश कोसळलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, घरातली सर्वोच्च सत्ता. बाबा हायकोर्टात न्यायमूर्तींपुढे वाघासारखे उभे राहत म्हणे, पण आत्यानं ‘वामना’ म्हटलं की त्यांच्या हातातली सुपारी खाली पडे. तिचं लग्न झालं तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते, आणि नवरा गेला तेव्हा नवे पुरते आलेले नव्हते. हे ती स्वतःच सांगे आणि सांगताना हसे. नवऱ्याचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. अंतरपाटाखालून पाय तेवढे दिसले होते. त्यानंतर सगळा जन्म लाल आलवणात, भावाच्या घरी, आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकलेलं ती विसरत नसे. तर पुराण बुडणार म्हणून ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. आणि तिसऱ्या दिवशी वहिनीच्या साड्यांना ऊन द्यायला ट्रंक उघडली, तर तळाशी हे पुस्तक. पुठ्ठा गेलेला, दोन्ही अंगांची दोनचार पानं गळालेली, म्हणून नाव-गाव काही नाही. आत्यानं ते कपाळाला लावलं. “बघ,” ती आईला म्हणाली, “पुण्याची माणसं. लेकीला दागिना कमी घातला पण पोथी दिली.” मग तिनं पुस्तकावर हळदकुंकू वाहिलं, लाल खणात बांधलं आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी बसवलं. वहिनीनं तोंड उघडलं होतं म्हणे. मग मिटलं. पुढं कैक वर्षांनी ती मला म्हणाली, “सासरी येऊन आठ दिवस झालेले, भाऊजी. त्यात ही पोथी नाही, कादंबरी आहे, आणि मी ती चारदा वाचलीय, हे कुठल्या तोंडानं सांगणार होते?”

वाचायला बसवलं मला. बाबांना वेळ नाही, आईला अक्षरओळख कुंकवाच्या डबीवरच्या नावापुरती. मला बाबांनी शुक्रवारी, म्हणजे आमच्याकडच्या सुट्टीच्या दिवशी, धरून बांधून बाळबोध शिकवली होती. तोपर्यंत वाचनाशी माझं उभं वैर होतं. जामबागेजवळच्या आमच्या शाळेतले मौलवीसाहेब एका हातात किताब आणि एका हातात छडी घेऊन येत, आणि दोन्ही एकाच आवाजात वाजत. वाचणं म्हणजे मार खाण्याआधी करायची गोष्ट, एवढंच मला ठाऊक होतं. पण शाळा सकाळची, दुपार मोकळी, आणि आत्यानं वाचनानंतर खोबरं-खडीसाखरेची लालूच दाखवली. मी हातपाय धुतले, पाटावर बसलो, खण सोडला आणि पुस्तक उघडलं. जगातलं कुठलंही सभ्य पुस्तक उघडतात तसं, उजवीकडून.

ओळ डावीकडून वाचायची हे मला माहीत होतं. पान कुठून उलटायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायची वेळच आली नव्हती. म्हणून मी उजवं पान वाची, मग डावं, मग उलटून पुन्हा उजवं. पानांवर आकडे होते आणि ते उतरत जात होते. दोनशे सत्तर, दोनशे एकोणसत्तर, दोनशे अडुसष्ट. मला त्याचं फार कौतुक वाटलं. उर्दू पुस्तकं आपण किती वाचलं ते सांगतात, त्याचा उपयोग काय? हा छापणारा बिचारा वाचणाऱ्याची सोय बघत होता. अजून किती उरलंय ते सांगत होता.

अडचण एकच होती. एका पानाच्या शेवटी जे वाक्य तुटे ते पुढच्या पानावर सापडत नसे. तिथं भलतंच काहीतरी मधूनच सुरू झालेलं असे. पहिल्याच दिवशी मी वाचलं, “शेजारणीनं हसून तिच्या पानात वाढली”, आणि पान उलटल्यावर, “काळी मांजर, आणि ती फिस्सकन अंगावर आली.” आई म्हणाली, “मांजर वाढली?” यादम्मानं विचारलं, “क्या परोसी, अम्मा?” आत्या डोळे मिटून, हात जोडून बसलेली. तिनं डोळे न उघडता निकाल दिला, “कलियुगाचं वर्णन आहे. पुढं वाच.” पण मला ते बरं दिसेना. दुसऱ्या दिवसापासून मी जोड घालायला लागलो. पान तुटलं की आपणच म्हणायचं, “एवढ्यात काय चमत्कार झाला,” किंवा “इकडे देवाच्या मनात वेगळंच होतं,” आणि पुढच्या पानात उडी मारायची. सुरुवातीला जोड दोन शब्दांचा असे. पंधरा दिवसांत तो पानाएवढा व्हायला लागला. माझी बायको म्हणायची की तुमच्या बोलण्यातलं निम्मं गाळून ऐकावं लागतं. तिला मी काय सांगणार? हे निम्मं मी नवव्या वर्षापासून मेहनतीनं तयार केलं आहे.

तर गोष्ट आम्ही ऐकली ती अशी. मथू नावाची एक बाई आहे. ती एका घरात एकटी राहते, दार लावून घेते, दिवा लावते आणि कुणाशी बोलत नाही. मग तिच्या घरी खूप माणसं येतात आणि रडतात. मग तिचा नवरा त्रिंबकराव मरतो. इथपर्यंत आत्या भिंतीला टेकून निर्विकार बसली होती. असल्या गोष्टी तिला नव्या नव्हत्या. पण दुसऱ्या दिवशी मी वाचलं की त्रिंबकरावांना घाम फुटला, त्यांनी डोळे उघडले आणि मथूकडे पाणी मागितलं. आत्यानं डोळे उघडले. “कोण म्हणालास?”

“त्रिंबकराव.”

“ते गेले ना काल?”

“एवढ्यात काय चमत्कार झाला,” मी म्हणालो, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

आत्यानं मोठ्यानं ‘विठ्ठल’ म्हटलं. पुराणात माणसं मरून परत येतातच, कुणी शाप देतं, कुणी उःशाप देतं, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण ह्या मथूनं ना यमाची विनवणी केली होती ना व्रत केलं होतं. नुसती बसून होती आणि नवरा परत आला. त्यानंतर रोज त्रिंबकरावांचा ताप उतरत गेला. वैद्य आधी काढा बंद करून गेला आणि मग काढा द्यायला आला. मी शाळेतून आल्या आल्या, जावयाच्या प्रकृतीची चौकशी करावी तशी आत्या मला विचारी, “आज कसे असतील रे ते?” ज्या दिवशी ते अंथरुणावरून उठून, छत्री घेऊन, चिखल तुडवत बाहेर पडले, त्या दिवशी आत्यानं नैवेद्याला बदाम घालून शिरा केला. संध्याकाळी बाबांनी पानात शिरा बघून विचारलं, “आज काय आहे?” आई म्हणाली, “त्रिंबकराव उठले.” बाबांना वाटलं कुणी अशील असेल. “बरं झालं,” म्हणाले आणि आणखी वाढून घेतला.

माझं काय झालं ते सांगायला हवं. मला खोबऱ्याची आठवण राहिना. जग सगळं ‘पुढं काय झालं’ म्हणून वाचतं. मला ‘हे असं कशानं झालं’ याचं वेड लागलं. मथू त्रिंबकरावांशी अबोला धरून बसलीय, का? चार पानं थांबा, कळेल. त्यांनी तिचा पोपट सोडून दिला होता. पोपट का सोडला? आणखी थांबा. मी शाळेत जाताना वाचायला लागलो. कोठीत पुडीला गुंडाळलेला कागद वाचायला लागलो. स्टेशनावरच्या पाटीवर चार लिप्यांत लिहिलेलं ‘काचीगुडा’ मी चारी बाजूंनी वाचून आलो. मौलवीसाहेबांची किताबसुद्धा मी एका रात्रीत संपवली आणि पोटभर वाचून झाल्यावर आणखी किताब मागितली, तेव्हा त्यांनी छडी खाली ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. “मियाँ, तबीयत तो ठीक है ना?”

एकच वाईट झालं. गोष्टीत मध्यावर एक कजाग सासू होती आणि ती मुळात मेलेलीच होती. तिचं नाव निघे, माणसं हळहळत. आम्हीही हळहळलो. आणि एके दुपारी ती उठून बसली. यादम्मानं कपाळ बडवलं. “बुढ्ढी वापस आ गई क्या? कैकू?” त्यानंतर सासूनं मथूचे जे हाल केले ते ऐकून आई दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाली, “आमच्याकडे असलं काही नाही हो.” दाराआड वहिनी. ती रोज तिथं भाजी निवडत बसे. माझ्या एका पानात ती जेवढ्या भेंड्या चिरी त्यावरून तिच्या मनाची अवस्था कळत असे; सासू उठली त्या दिवशी भेंडीची चटणी झाली होती. आपलं लाडकं पुस्तक रोज असं कुणीतरी उलटं टांगून बडवतंय आणि आपण ‘ब्र’ काढायचा नाही, हे त्या मुलीनं सबंध महिनाभर सोसलं. पण लग्नाचं प्रकरण हे तिचं सगळ्यांत आवडतं होतं. मी आधी पंगती उठवल्या, मग वाढल्या, मग माणसं जेवायच्या आधी अक्षता पडल्या, आणि मी दमदार आवाजात वाचलं, “आणि त्रिंबकराव बोहल्यावर चढले.” तिथं तिचा बांध फुटला.

संध्याकाळी कोर्ट भरलं. बाबा शेरवानीची बटणं सोडत ओसरीवर बसले. आत्या पुस्तक घेऊन आली. “वामना, तुझी सून म्हणते पोथी उलटी वाचली.”

“फिर्यादी कुठंय?” बाबा म्हणाले.

फिर्यादी दाराआड होती, बाबांपासून तीन हातांवर. पण नव्या सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, म्हणून आई मध्ये बसली.

“तिला विचार, हे पुस्तक कसलं आहे?”

आई दाराकडे वळली. “कसलं आहे गं?”

“कादंबरी आहे,” दार म्हणालं.

“कादंबरी आहे म्हणते.”

“ऐकू आलं मला. कादंबरी? आणि देव्हाऱ्यात कुणी ठेवली?”

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, “महिनाभर फुलं वाहिलीत मी. आता ती पोथीच. तू उलट-सुलट काय ते बघ.”

बाबांनी चष्मा लावला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि उघडलं. उजवीकडून. तीस वर्षं उर्दू वाचलेला माणूस, त्याचा हात दुसरीकडे जाणारच नव्हता. त्यांनी एक पान वाचलं, शेजारचं वाचलं, उलटून आणखी एक वाचलं. “यात उलटं काय आहे?” ते म्हणाले. “चांगलं लिहिलंय. बाई दार लावून घेते, मग लोक समाचाराला येतात. रास्त आहे.”

दाराआडून बांगड्या वाजल्या. “मामंजींना सांगा, पुस्तक दुसऱ्या बाजूनं सुरू होतं.”

“दुसऱ्या बाजूनं सुरू होतं म्हणते,” आई म्हणाली.

बाबांनी पुस्तक फिरवलं. ते खाली डोकं वर पाय झालं. मग सरळ केलं, डावीकडून उघडलं, तिसऱ्या पानाचा आकडा पाहिला, चौथ्याचा पाहिला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चूक कबूल करणं हे वकिलाच्या धंद्यात बसत नाही. “मी पोराचं म्हणणं तपासून बघत होतो,” ते म्हणाले, आणि लगेच उर्दूत निकाल दिला, म्हणजे तो अंतिम होता. मराठीत सांगायचं तर: पुस्तक सुनेचं, उद्यापासून सुनेनं वाचावं, पहिल्यापासून, सुलट, आणि दिगंबरनं, म्हणजे मी, शाळेचं वाचावं.

आत्या उठली नाही. “मग त्रिंबकराव?” तिनं विचारलं.

“काय त्रिंबकराव?”

“त्यांचं काय होतं?”

बाबांनी दाराकडे पाहिलं. “ते शेवटी जातात, आक्का,” बाबा म्हणाले. “जायचेच शेवटी.”

“बरं,” आत्या म्हणाली आणि दूध उतू जातंय का ते बघायला आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी वाचायला लागली आणि माझा बाजार उठला. खोटं कशाला बोलू, बाई वाचायची असं की भिंतींनी कान द्यावेत. सासूचा आवाज वेगळा, पोपटाचा वेगळा, त्रिंबकराव बोलले की खर्जात. एका आठवड्यात शेजारच्या चार घरांतल्या बायका यायला लागल्या. त्यांतल्या दोघींना तेलुगूशिवाय काही येत नव्हतं, तरी त्या योग्य जागी रडत. यादम्मा आता तिला ‘गूँगी’ म्हणायची बंद झाली आणि ‘रेलगाडी’ म्हणायला लागली. मी मात्र नोकरी गेलेल्या जमादारासारखा परसात हिंडत होतो. माझी तीस-एक पानं राहिली होती. बोहल्यापर्यंत आणलेली गोष्ट कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतली होती, आणि मी ऐकायला बसलो तर मला बसवेना. सगळ्या बायका ‘आता काय होणार’ म्हणून माना लांब करून बसलेल्या, आणि मला तर ठाऊक. इतक्या सुंदर आवाजात ती एकेका पानानं त्या बिचाऱ्याला आजारपणाकडे घेऊन चालली होती. आणि आत्या येत नव्हती. तिचे गुडघे दुखत, तिला वाती वळायच्या असत, दुपारी तिला आयुष्यात प्रथमच झोप यायला लागली होती.

शुक्रवारी सकाळी मी विहिरीजवळ दगड मारत बसलो होतो. आत्या कढीलिंबाच्या झाडाखाली वाती वळत होती. तिनं आलवणाखालून पुस्तक काढलं.

“किती राहिली होती?”

“तीसेक पानं.”

“वाच.”

“सुलट?”

“तू वाचत होतास तसं.”

“आत्या, ते चुकीचं आहे. बाबांनी सांगितलं ना.”

“तुझ्या बाबाला कोर्टात विचारतात. मी विचारलं नाही. वाच, हौल्या, खुळ्या.”

मी वाचायला लागलो. बोहल्यावरचे त्रिंबकराव खाली उतरले, घोड्यावर बसले, घरी गेले. पान तुटलं तिथं मी थांबलो आणि गप्प पुढचं पान सुरू केलं, कारण आता मला खरं पान कुठं जोडलेलं असतं ते ठाऊक होतं आणि मधे काही घालायची लाज वाटत होती. आत्याचा हात थांबला. “तुझं ते ‘एवढ्यात’ कुठं गेलं?”

“ते पुस्तकात नाही. ते मी घालत होतो.”

“माहीत आहे. घाल.”

मग मी घातलं. त्या सकाळी मी जे घातलं तसं त्यानंतर मला आयुष्यात जमलं नाही, आणि आयुष्यभर मी दुसरं काहीच केलेलं नाही. मांडव उतरला, आंब्याच्या डहाळ्या झाडाला परत लागल्या, हळद कुटायची राहिली. मथूच्या बापाला स्थळ सुचवणारा भटजी आला आणि मी त्याला वाटेत चार नदीनाले भरून येतील अशी व्यवस्था केली. मग त्रिंबकरावांचं नावच कुठं निघेना. मथू लहान होत गेली. तिची साडी जाऊन परकर आला, ती सागरगोट्यांत चिडली, तिनं भावाच्या हाताला चावा घेतला. आत्या वाती वळायची विसरली होती. चावा ऐकून ती खुदकन हसली. तसं हसताना मी तिला तोवर पाहिलं नव्हतं. स्वतःच्या दातांची गोष्ट सांगताना ती हसे ते निराळं. शेवटी पान तीन. मथू पेरूच्या झाडावर चढून बसली आहे आणि आई खालून जेवायला हाका मारते आहे. पहिली दोन पानं पुण्यातच कुठं गळाली होती.

“मग?”

“संपलं.”

आत्यानं पुस्तक घेतलं, आलवणानं पुसलं आणि खणात बांधलं. “खडीसाखर फडताळात आहे,” ती म्हणाली. “दोन घे. जास्त घेशील तर हात मोडीन.”

त्यानंतर चारपाच दिवसांनी, दुपारी वाचनाला बायका जमायच्या आधी, वहिनी माजघरात आली. आत्या परातीत तांदूळ निवडत होती. मी कोपऱ्यात पालथा पडून मौलवीसाहेबांनी दिलेली दुसरी किताब वाचत होतो. वहिनी आता सगळ्यांशी बोलत असे, फक्त आत्याशी बोलताना तिचा आवाज अजून ट्रंकेत जाई. ती परातीजवळ बसली, तिनंही चार दाणे निवडले. या घरात आत्याचं मन फिरलं तर बीदरला घर मिळेपर्यंत आपलं काय होईल हे तिला चांगलं कळत होतं.

“आत्याबाई, माझं काही चुकलं का?” ती म्हणाली. “मी त्या दिवशी मोठ्यानं बोलले, त्याचा राग आहे का? सगळ्या येतात, तुम्ही तेवढ्या येत नाही.”

“राग कसला. चांगलं वाचतेस. इथवर ऐकू येतं.”

“मग या ना आज. आता कुठं रंगात आलंय. त्रिंबकराव पावसात भिजून आलेत. ऐका तरी पुढं काय होतं ते.”

आत्यानं तांदळातला एक खडा शोधला, उचलला आणि अंगणात टाकला.

“पुढं काय होतं ते मला माहीत आहे,” ती म्हणाली.